औषधाबरोबरचा कागद कोणासाठी लिहिलेला असतो?

पूर्वी दवाखान्यातला कंपाउंडर मिक्श्चर तयार करून काचेच्या बाटलीत भरून देत असे, तेव्हा त्या बाटलीच्या एका अंगाला कागदाची उभी पट्टी चिकटवलेली असे. पट्टीची कड ठरावीक अंतरावर कातरून ठेवलेली असे, आणि एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंतचे औषध म्हणजे एक डोस, एवढे घरातल्या प्रत्येकाला कळे. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही. औषधाचे नाव तिच्यावर नसे, ते कशासाठी दिले आहे हेही नसे, त्यामुळे आजच्या अपेक्षांनी पाहिले तर ती पट्टी अगदीच अपुरी होती. तरीही ती औषध घेणाऱ्या माणसासाठी केलेली होती, आणि आजच्या औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या बारीक अक्षरांच्या कागदाबद्दल असे म्हणता येत नाही.

भारतात मिळणाऱ्या औषधाच्या खोक्यातला कागद उघडून पाहिला तर त्यात बरीच माहिती असते. औषध किती मात्रेत द्यावे, कोणाला देऊ नये, इतर कोणत्या औषधांशी त्याचे जमत नाही, गरोदरपणात व अंगावर पाजताना ते चालते का, वाहन चालवण्यावर त्याचा परिणाम होतो का, दुष्परिणाम कोणते, जास्त मात्रा पोटात गेल्यास उतारा काय, औषध कसे साठवावे, हे सगळे त्यात सांगितलेले असते. ही यादी कंपनीने आपल्या मर्जीने ठरवलेली नाही. १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘डी’च्या दुसऱ्या भागात ती दिलेली आहे. त्याच ठिकाणी हा कागद इंग्रजीत असावा असेही म्हटले आहे. भाषा केवळ इंग्रजी नसते, ती वैद्यकशास्त्राची इंग्रजी असते, म्हणजे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला उद्देशून लिहिलेली. रुग्ण हा त्या कागदाचा वाचक म्हणून कोणाच्या मनातच नव्हता.

शिवाय तो कागद रुग्णाच्या हाती पडतो तरी कुठे? गोळ्यांच्या दहा पट्ट्यांच्या खोक्यात बहुधा एकच कागद असतो आणि आपण एक पट्टी, कित्येकदा चारच गोळ्या, घेऊन घरी येतो. केमिस्ट कात्रीने पट्टी कापतो तेव्हा खोके आणि कागद दुकानात राहतात आणि आपल्याकडे येतो तो पट्टीचा तुकडा, ज्यावर कधी नावाची शेवटची तीन अक्षरे असतात, तर कधी मुदत संपण्याची तारीख दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे गेलेली असते. पट्टी पूर्ण असली तरी तिच्यावर नाव, शक्ती (एका गोळीत औषध किती), बॅच क्रमांक, तारखा, किंमत आणि लाल रेघ यापलीकडे फारसे काही मावत नाही. लाल रेघ म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, एवढेच ती सांगते. कसे घ्यावे हे सांगत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला, तेव्हा आता सगळी माहिती मोबाइलवर मिळेल अशी अनेकांची समजूत झाली. त्या कोडमध्ये असते ते औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव, ब्रँड, उत्पादक, बॅच, तारखा आणि परवाना क्रमांक. औषध खरे की बनावट हे पडताळण्यासाठी तो उपयोगी आहे. गोळी जेवणाआधी की नंतर, हा प्रश्न त्या कोडपुढे टाकून उपयोग नाही.

मग सांगायचे कोणी?

नियमांत याचे उत्तर दोन ठिकाणी विभागलेले आहे. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो इंग्रजी मोठ्या लिपीत लिहावे, असा बदल २०१६ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेत करण्यात आला. त्याआधी २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी फार्मासिस्टवर रुग्णाशी बोलण्याची जबाबदारी टाकली होती, आणि ती बरीच सविस्तर आहे: औषध कशासाठी आहे, किती, कसे व किती दिवस घ्यायचे, कोणती काळजी घ्यायची, कोणते दुष्परिणाम संभवतात, ते कसे ओळखायचे, औषध कुठे ठेवायचे, डोस चुकला तर काय करायचे. ही यादी वाचून ज्याला आपल्या कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान आठवेल, त्याला हसू येणे स्वाभाविक आहे. संध्याकाळी सात वाजता काउंटरपुढे आठ माणसे उभी असतात, फोनवर घरपोच ऑर्डर चालू असते, आणि या गर्दीत ‘ही सकाळ-संध्याकाळ’ एवढे एक वाक्य ऐकू आले तरी माणूस समाधानाने पैसे देतो.

डॉक्टरांनी औषधाचे धोके रुग्णाला प्रादेशिक भाषेतल्या वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्यावेत, अशी मागणी घेऊन एक याचिका दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि तिथे फेटाळली गेल्यावर सर्वोच्च न्यायालयातही गेली. हे काम कायद्याने उत्पादक आणि फार्मासिस्ट यांच्याकडे सोपवलेले आहे, अशी उच्च न्यायालयाची भूमिका होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली. असे करायचे झाल्यास डॉक्टरला दिवसाकाठी मोजकेच रुग्ण तपासता येतील, म्हणून ते व्यवहार्य नाही, असे न्यायालयाला वाटले. ज्याने सरकारी रुग्णालयातली बाह्यरुग्ण विभागाची रांग पाहिली आहे त्याला हा मुद्दा नाकारता येणार नाही. मात्र याचा एकत्रित परिणाम असा होतो की, उत्पादक इंग्रजीत आणि डॉक्टरसाठी लिहितो, डॉक्टर दोन ओळी लिहितो, फार्मासिस्ट एक वाक्य बोलतो, आणि रुग्णासाठी त्याच्या भाषेत लिहिण्याचे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही. माझ्या मते ते डॉक्टरच्या हस्ताक्षराचे काम नाहीच. एकदा नीट लिहून, तपासून, छापून घेतलेला कागद हजारो रुग्णांना देता येतो. प्रत्येक वेळी नव्याने लिहायला बसण्याची गरज नसते.

असा कागद रुग्णाला मिळालाच पाहिजे हा विचार इतर देशांतही सहजासहजी रुजला नाही. अमेरिकेत १९७० मध्ये गर्भनिरोधक गोळ्यांच्या सुरक्षिततेवर सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे सुनावणी चालू असताना प्रेक्षकांतल्या स्त्रियांनी मध्येच उठून विचारले की, गोळी आम्ही घेतो, मग रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आम्हाला का सांगितला गेला नाही. त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने या गोळीबरोबर स्त्रियांसाठी माहितीपत्रक देणे बंधनकारक केले. डॉक्टरांच्या संघटनेचा त्याला विरोध होता, कारण डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये कागद येऊ नये असे तिला वाटत होते, आणि मूळ मसुदा बराच कापून लहान केल्यावरच तो छापला गेला. युरोपीय समुदायाने १९९२ च्या निर्देशाने हे तत्त्व सर्व औषधांना लावले. आज युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाच्या खोक्यात त्या त्या देशाच्या भाषेत रुग्णासाठी लिहिलेले पत्रक असते, आणि त्याचे सहा भाग ठरलेले असतात: औषध काय आहे व कशासाठी, घेण्याआधी काय माहीत हवे, कसे घ्यावे, संभाव्य दुष्परिणाम, कसे ठेवावे, आणि शेवटी त्यात काय काय घटक आहेत. खोक्यावर औषधाचे नाव ब्रेल लिपीतही असते. युरोपातून सुट्टीवर आलेल्या नातेवाइकाच्या सामानात एखादे औषधाचे खोके असेल तर त्याच्या पृष्ठभागावरून बोट फिरवून पाहावे, ते ठिपके हाताला लागतात.

कागद चांगला आहे हे कसे ठरवायचे?

सक्ती केल्याने पत्रक येते, पण ते समजेल याची हमी येत नाही. युरोपातली सुरुवातीची पत्रके वकिलांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून लिहिल्यासारखी असत, आणि आजही त्यांतली कित्येक तशीच वाटतात. म्हणून तिथे एक चाचणी सक्तीची करण्यात आली, जिची पद्धत मूळ ऑस्ट्रेलियात विकसित झाली होती. चाचणी साधी आहे. औषधाशी संबंध नसलेल्या साध्या माणसांच्या हाती मसुदा देतात आणि विचारतात, ‘समजा तुमची सकाळची गोळी राहिली, तर काय कराल? या कागदात शोधून सांगा.’ माणसाने ती माहिती कुठे आहे हे दाखवायचे आणि नंतर ती आपल्या शब्दांत सांगायची. दहापैकी नऊ जणांना माहिती सापडली पाहिजे, आणि ज्यांना सापडली त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना ती समजली पाहिजे, असा निकष युरोपीय मार्गदर्शक सूचनांत आहे. निकष पुरा होत नसेल तर दोष वाचणाऱ्याचा धरत नाहीत; मसुदा बदलून पुन्हा नव्या माणसांकडे नेतात.

‘समजले का?’ असे विचारून हे कळत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना वाचायला दिल्या होत्या. ‘दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा घ्या’ ही त्यांतली एक सूचना. ज्यांचे वाचन कच्चे होते त्यांच्यापैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांनी ती बरोबर वाचून सांगितली. नंतर त्यांना गोळ्या समोर ठेवून दिवसभरात किती घ्याल ते मोजून दाखवायला सांगितले, तेव्हा चार गोळ्या मोजणारे सुमारे ३५ टक्केच निघाले. म्हणजे वाक्य म्हणता येणे आणि त्याप्रमाणे हात चालणे यांत निम्म्याहून अधिक माणसे गळाली. यातून सुधारणा काय करायची हेही उघड झाले: ‘सकाळी दोन गोळ्या, रात्री दोन गोळ्या’ असे लिहिले की गुणाकार करावा लागत नाही.

आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवरची ‘१-०-१’ ही खूण त्या दृष्टीने खरोखर चांगली आहे. सकाळ, दुपार, रात्र अशी तीन घरे आणि प्रत्येकात किती गोळ्या तो आकडा. ती सरसकट वापरली जावी आणि तिच्या जोडीला येणारी लॅटिन लघुरूपे जावीत असे मला वाटते. ‘बीडी’ (दिवसातून दोनदा), ‘टीडीएस’ (तीनदा), ‘एचएस’ (झोपताना) ही अक्षरे केमिस्टला कळतात, रुग्णाला नाही. ‘एसओएस’चा मूळ लॅटिन अर्थ ‘गरज पडल्यास’ असा आहे, पण संकटात सापडलेले जहाज जो संदेश पाठवते तोच अर्थ बहुतेकांच्या डोक्यात असल्याने, तापाची गोळी अगदी जिवावर बेतल्याशिवाय घ्यायची नाही असे समजून अंगावर ताप काढणारी माणसे भेटतात.

दुष्परिणाम कसे सांगावेत हा याहून अवघड प्रश्न आहे. युरोपातल्या पत्रकांत ‘वारंवार आढळणारा’ या अर्थाचा शब्द वापरला की त्याचा नेमका अर्थ शंभरात एक ते दहा जणांना होणारा असा असतो, आणि ‘दुर्मीळ’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा. ब्रिटनमध्ये लीड्स येथील संशोधकांनी लोकांना हे शब्द वाचून अंदाज करायला सांगितले, तेव्हा लोकांचे अंदाज प्रत्यक्षाच्या कितीतरी पटींनी जास्त निघाले. नुसता शब्द वाचला की मन घाबरते, आकडा दिला की थोडे स्थिरावते. म्हणून मराठीतही ‘क्वचित’ किंवा ‘काही जणांना’ एवढ्यावर न थांबता ‘हजारात एखाद्याला’ असे लिहिणे जास्त प्रामाणिकपणाचे आहे.

भीतीने काय होते याचा एक मोजलेला पुरावाही आहे. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या दुष्परिणामांमुळे सोडून दिलेल्या ६० रुग्णांवर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकाला वर्षभरात चार महिने स्टॅटिन, चार महिने औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, आणि चार महिने काहीच नाही, असे उलटसुलट क्रमाने दिले. स्टॅटिन घेताना जो त्रास झाला त्यातला सुमारे ९० टक्के त्रास नुसत्या खोट्या गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता, तो रुग्णांना खरोखर जाणवत होता. पण त्याचे कारण बहुतांशी गोळी घेतो आहोत या जाणिवेत होते. म्हणून रुग्णांपासून दुष्परिणाम लपवावेत, असा निष्कर्ष यावरून कोणी काढू नये. लपवण्याचा काळ संपला आहे, आणि अर्धवट माहिती शेजारपाजारून किंवा व्हॉट्सअॅपवरून येणारच असते. पत्रकात औषधाचा फायदा काय, तो साधारण किती, आणि तो दिसायला किती दिवस लागतात, हेही दुष्परिणामांच्या शेजारीच लिहिलेले असावे. फक्त धोक्यांची दोन पाने लिहून कंपनीचा बचाव होतो. ती पाने वाचून रक्तदाबाची गोळी बंद करणाऱ्या माणसाचा त्यात काही बचाव होत नाही.

मराठीत लिहिताना

इंग्रजी पत्रकाचे भाषांतर करून हे काम होईल असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या घरातली बोलण्याची रीत थोडी न्याहाळून पाहावी. आपण ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो तेव्हा एक आठवडा म्हणायचे असते, आणि ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे. बोलण्यात त्याने बिघडत नाही, पण ‘आठ दिवसांतून एकदा’ असे लिहिलेली गोळी कोणी खरोखर दिवस मोजून घेतली तर तिचा वार दर वेळी एका दिवसाने पुढे सरकत जाईल. ‘दिवसाआड’ आणि ‘दिवसातून’ हे शब्द धावत्या नजरेला जवळजवळ सारखेच दिसतात, आणि त्यांच्या अर्थात दुपटीचा फरक आहे.

आकड्यांचा घोटाळा तर मराठीचा खास आहे. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा. एकाच चिठ्ठीवर दोन्ही लिपींतले आकडे असतील, अक्षर घाईचे असेल आणि वाचणारी नात इंग्रजी माध्यमात शिकलेली असेल, तर चूक होण्यासाठी आणखी काही लागत नाही. त्यामुळे मात्रा शब्दांत लिहावी: ‘एक गोळी’, ‘चार थेंब’. दशांश चिन्हाचेही तसेच. ‘.५’ मधला ठिपका दिसला नाही तर मात्रा दहापट होते, म्हणून त्याआधी शून्य हवे; ‘५.०’ मधला ठिपका पुसला गेला तर पन्नास होतात, म्हणून तिथे शेवटचे शून्य नको.

‘अनशापोटी’ हा आपला किती छान शब्द आहे, पण त्याचा अर्थ घराघरांत वेगळा लागतो. अनेक घरांत सकाळचा चहा हा खाण्यात धरतच नाहीत. थायरॉइडची गोळी अनशापोटी घ्यायला सांगितली की ती चहाबरोबर घेतली जाते, मग तिचे शोषण कमी होते, रक्ताच्या तपासणीत आकडा हलत नाही आणि डॉक्टर मात्रा वाढवतात. तिथे ‘सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तासांनी’ असे लिहावे लागते. वाक्य लांब झाले तरी चालेल, त्यात ‘चहासुद्धा’ हा शब्द असला पाहिजे. तसेच मधुमेहाच्या पत्रकात उपवासाचा उल्लेख नसेल तर ते महाराष्ट्रातल्या रुग्णासाठी लिहिलेले नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन निर्जळी एकादशी केली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या चतुर्थीला ती चांगलीच चढते. उपवास करावा की नाही हे सांगणे पत्रकाचे काम नाही. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या, एवढी ओळ तिथे हवी.

लहान मुलांच्या औषधांत चमच्याने सर्वाधिक नुकसान केले असेल. चहाचा, पोह्यांचा आणि वाढायचा असे तीन चमचे आपल्या घरात असतात आणि त्यांतला एकही पाच मिलीलिटरचा असेलच असे नाही. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत दर मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, आणि पातळ औषधाच्या नेहमीच्या बाटलीत पाच मिलीलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, काही बाटल्यांत २५०. नाव एकच, चवही साधारण तीच. थेंबांच्या बाटलीतून कोणी पाच मिलीलिटरचा चमचा भरून दिला तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात. त्यामुळे ‘एक चमचा’ हे शब्द बाळाच्या कागदावर असूच नयेत. किती मिलीलिटर, कोणत्या बाटलीतून आणि बरोबर मिळालेल्या कोणत्या मापाने, हे लिहावे. ओआरएसच्या पाकिटांचेही असेच आहे. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते आणि छोटे २०० मिलीलिटरसाठी. मोठे पाकीट एका पेल्यात कालवले तर ते द्रावण इतके खारट होते की जुलाब झालेल्या बाळाच्या रक्तातले मीठ वाढून जिवाला धोका होऊ शकतो. आणि दम्याच्या यंत्रात घालून ओढायच्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण डॉक्टरांना अनोळखी नाहीत; कॅप्सूल म्हटली की गिळायची, हे त्यांचे तर्कशास्त्र चुकीचे म्हणता येईल का?

वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रे काढावीत हे खरे, सरकारी दवाखान्यातल्या पाकिटांवर सूर्य आणि चंद्र असतातच. मात्र चित्र म्हणजे सगळ्यांना आपोआप कळणारी भाषा नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या ऱ्होड्स विद्यापीठात अमेरिकी चित्रे आणि तिथल्याच लोकांबरोबर बसून तयार केलेली चित्रे खोसा भाषकांना दाखवली, तेव्हा स्थानिक चित्रे जास्त जणांना कळली. आपल्याकडचा अर्धा सूर्य उगवतीचा की मावळतीचा, हे पाकीट छापण्याआधी दहा जणांना विचारलेले बरे.

एक कागद लिहून पाहू

मेथोट्रेक्सेट हे औषध आमवात आणि सोरायसिससाठी फार उपयोगी आहे, आणि ते या आजारांत आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले गेले तर अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणे थांबवते, तोंडात फोड येतात, जंतुसंसर्ग होतो, आणि असे मृत्यू अनेक देशांत नोंदलेले आहेत. चूक होण्याची कारणे साधी असतात. बहुतेक गोळ्या रोजच्या असतात, त्यामुळे हात सवयीने चालतो. त्याच्याबरोबर दिली जाणारी फॉलिक अॅसिडची गोळीही पुष्कळदा तशीच छोटी व पिवळसर असते. युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये या औषधाच्या खोक्यावर ठळक इशारा आणि रुग्णाजवळ ठेवायचे कार्ड सुचवले ते याच कारणाने.

याचा मराठी कागद कसा असावा? सर्वांत वर, मोठ्या अक्षरात: ‘ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. तुमचा वार सोमवार. इतर कोणत्याही दिवशी ही गोळी घेऊ नका.’ इथला सोमवार हे केवळ उदाहरण; छापताना वाराची जागा मोकळी सोडावी आणि डॉक्टर किंवा फार्मासिस्टने ती रुग्णासमोर भरावी. त्याखाली गोळी कशासाठी आहे आणि आराम पडायला काही आठवडे लागतात, हे लिहावे, नाहीतर वेदना थांबत नाही म्हणून माणूस जास्तीची गोळी घेतो, आणि या औषधाच्या बाबतीत तीच चूक सर्वांत महाग पडते. मग ‘तोंडात फोड, ताप, घसा दुखणे, धाप लागणे किंवा अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.’ फॉलिक अॅसिडचा वार वेगळ्या ओळीत. रक्ताच्या तपासण्यांच्या तारखा. दारू, गर्भधारणा आणि मूल होऊ देण्याचा विचार यांबद्दल आडपडदा न ठेवता एकेक वाक्य. आणि ‘दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर हा कागद आधी दाखवा’, कारण लघवीच्या जंतुसंसर्गावर दिले जाणारे ट्रायमेथोप्रिम असलेले औषध याच्याबरोबर घेतल्यास धोका मोठा असतो. ही सगळी माहिती एका पानात बसते. औषधाची रासायनिक रचना, चयापचयाचा मार्ग आणि दुष्परिणामांची लांबलचक यादी तिथे नसली म्हणून रुग्णाचे काही अडत नाही. ती डॉक्टरच्या कागदात राहू द्यावी.

असा कागद हाती नसतो तोवर तो आपणच घडवावा लागतो. एका वहीच्या पानावर घरातल्या ज्येष्ठांच्या सर्व औषधांची मूळ नावे, शक्ती, कशासाठी, वेळ आणि कधी सुरू झाले हे लिहून ते पान औषधांच्या डब्यात ठेवावे, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. केमिस्टला पट्टी कापताना नाव आणि तारीख असलेला भाग आपल्याकडे राहू द्या असे सांगावे. बहुतेक जण ऐकतात. खोक्यातला इंग्रजी कागदही मागून घ्यावा, घरात कोणीतरी त्यातला ‘इतर औषधांशी संबंध’ हा भाग वाचू शकते. औषधाने अनपेक्षित त्रास झाल्याचा संशय असेल तर डॉक्टरांना सांगावेच, शिवाय भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही तो स्वतः नोंदवता येतो, आणि नोंदणीचा अर्ज मराठीतही आहे.

आणि पान लिहून झाल्यावर ते आपल्याच डोळ्यांनी तपासू नये. ज्यांची औषधे आहेत त्या आजींच्या हाती ते द्यावे, गोळ्यांचा डबा समोर ठेवावा आणि म्हणावे, ‘आजी, आज गुरुवार आहे असे धरा. या पानावर बघून आज रात्रीच्या गोळ्या काढून दाखवा.’ सोमवारची गोळी हातात आली, तर पान पुन्हा लिहायला घ्यावे.